वॉटरलू, कॅनडा: ओढ्यावरच्या एका गिरणीने गाव वसलं, मग ५० वर्षं ते रखडलं का?

प्रश्न एका ताईंचा आहे. मुलगी वॉटरलूला शिकायला गेलीय, तिथल्या वॉटरलू पार्कमध्ये तळ्याकाठी जुन्या पिठाच्या गिरणीचा अर्धवट उभारलेला नमुना आणि ओंडक्यांची जुनी शाळा तिने पाहिली, आणि आईला विचारलं की १८०६ ला वसलेलं गाव १८५७ पर्यंत कागदोपत्री साधं व्हिलेजसुद्धा का झालं नाही, शेजारचं किचनर एवढं पुढे कसं गेलं, आणि एवढ्याशा ओढ्यावर गिरणी चालायची तरी कशी. तिन्ही प्रश्न फार चांगले आहेत आणि खरंतर तिन्हींचं उत्तर एकच निघतं. मी ग्रँड नदीच्या खोऱ्यात जुन्या गिरण्या, बंधारे, लाकडी घरं यांची पाहणी आणि जतनाचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो, वेळ काढून वाचा.

थोडक्यात हवं असेल तर असं, की गिरणीने गाव जन्माला घातलं, आणि ज्या कारणामुळे गिरणी चालली, म्हणजे पाणी आणि आजूबाजूची सगळी जमीन एकाच घराच्या हातात असणं, त्याच कारणामुळे गाव वाढायचं थांबलं. बाकीचं आता नीट सांगतो.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल कारण लोक थेट "मेनोनाइट (शस्त्र न धरणारा एक ख्रिस्ती पंथ) आले आणि जंगल तोडलं" असं सांगायला लागतात, त्याआधीचं सोडूनच देतात. १७८४ मध्ये ब्रिटिशांनी हा भाग इथल्या मूळच्या मिसिसागा लोकांकडून सुमारे ११८० पौंडांच्या मालाच्या बदल्यात घेतला आणि त्याच वर्षी हॅल्डिमंड जाहीरनाम्याने ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल जमीन सिक्स नेशन्स म्हणजे हॉदेनोशोनी या सहा मूळनिवासी जमातींच्या संघाला दिली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते आणि न्यूयॉर्कमधली आपली गावं गमावून बसले होते, त्याची ही भरपाई. पुढे त्यांचे नेते जोसेफ ब्रँट यांनी लोकांना उत्पन्न मिळावं म्हणून नदीच्या वरच्या अंगाचे मोठे ब्लॉक विकले. त्यातला ब्लॉक नंबर २, म्हणजे ९४,०१२ एकर, १७९८ च्या सुमारास ८,८८७ पौंडांना रिचर्ड बीझली आणि त्याच्या दोन भागीदारांकडे गेला. पैसे रोख दिले नव्हते, जमीन गहाण ठेवून घेतली होती. या सगळ्या व्यवहारांच्या पैशाचा हिशोब आजही मिटलेला नाही, सिक्स नेशन्सनी १९९५ मध्ये कॅनडा आणि ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारवर त्यासाठी दावा लावलाय. गावाचा इतिहास सांगताना हे आधी सांगायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, कारण पुढची प्रत्येक रजिस्ट्री याच कागदावर उभी आहे.

आता १८०० साली पेनसिल्व्हेनियातून सॅम्युअल बेट्झनर आणि जोसेफ शर्क ही पहिली मेनोनाइट कुटुंबं आली, त्यांच्यामागे आणखी आली, बीझलीकडून जमिनी घेतल्या, झाडं तोडली, घरं बांधली, आणि १८०३ च्या आसपास कळलं की आख्ख्या ब्लॉकवर बोजा आहे, म्हणजे तो फिटल्याशिवाय कुणाच्याच जमिनीला टायटल नाही. ७/१२ न बघता प्लॉट घेतलेल्या माणसाची जी अवस्था होते तीच. मग सॅम्युअल ब्रिकर वगैरे मंडळी परत पेनसिल्व्हेनियाला गेली, लँकेस्टर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्हा) शेतकऱ्यांना समजावलं, त्यांनी शेअर काढून जर्मन कंपनी स्थापन केली आणि १८०५ मध्ये ६०,००० एकर १०,००० पौंडांना सरळ विकत घेऊन बोजा उतरवला. पैसे चांदीच्या नाण्यांच्या रूपात घोड्यांवर आणि गाडीतून जंगलातून आणले असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. मोठे तुकडे ४४८ एकरांचे पाडले आणि शेअरवाल्यांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हे तुकडे पाडताना मधे रस्त्यासाठी जागा सोडलेलीच नव्हती. सरकारी मोजणीत चौकोनी आखणी असते, दोन ओळींच्या मधे रस्त्याची पट्टी राखून ठेवलेली असते, इथे तसं काहीच नाही. त्यामुळे रस्ते गेले ते पायवाटांवरून, चढ टाळत, दलदल टाळत, एका घरापासून दुसऱ्या घराकडे. तुमच्या मुलीला विचारा, किंग स्ट्रीट आणि वेबर स्ट्रीट एकमेकांना तीनदा का छेदतात आणि किंग नॉर्थ नक्की उत्तरेला का जात नाही हा प्रश्न तिथे आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात पडतो. उत्तर १८०५ च्या नकाशात आहे.

अब्राहम अर्ब १८०६ मध्ये जर्मन कंपनीकडून जवळपास ९०० एकर जंगल घेतो, म्हणजे साधारण दोन मोठ्या तुकड्यांएवढं. त्याचा भाऊ जॉन अर्ब थोडा खाली, ग्रँड आणि स्पीड नदीच्या संगमाजवळ, आजच्या केंब्रिजमधल्या प्रेस्टनला बसला आणि त्याने तिथे गिरणी टाकली. अब्राहमने निवडला तो बीव्हर क्रीक, आजचा लॉरेल क्रीक. ओढा निवडला आणि नदी सोडली याचं आजच्या माणसाला नवल वाटतं, पण त्या काळातल्या गिरणीवाल्याला मोठी नदी नकोच असायची. ग्रँड नदी वसंतात बर्फ फुटून येते तेव्हा लाकूड-मातीचा बंधारा तिच्यापुढे एक दिवस टिकत नाही. ओढा मात्र माणसाच्या आवाक्यातला असतो, चार-सहा जण आणि बैलजोड्या मिळून एका मोसमात बांध घालू शकतात, फुटला तर पुन्हा घालू शकतात.

१८०८ ला अर्बने सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, टाकली आणि पिठाची गिरणी आली ती थेट १८१६ ला. मधे ८ वर्षं गेली. हा क्रम जवळजवळ सगळीकडे असाच दिसतो आणि त्याला साधी कारणं आहेत. सॉ मिलला एक चाक, एक भुजा आणि चौकटीत खाली-वर होणारं एक पातं पुरतं, ते पातं तेवढं लोखंडाचं, बाकी सगळं जागेवरच्या लाकडातून घडवता येतं. झाडं तर तोडायचीच असतात, फळ्यांना गिऱ्हाईक दारात उभं असतं. पिठाच्या गिरणीला मात्र जात्याचे दगड लागतात, दातेरी चाकांची जोडणी जमणारा कारागीर लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दळायला गहू लागतो. पहिल्या वर्षी एखादं कुटुंब फार तर दोन-चार एकर मोकळं करतं, तेसुद्धा नीट नाही, झाडं तोडून जाळायची आणि बुंधे तसेच ठेवून मधल्या मातीत गहू विस्कटायचा. मेपल, बीच यांचे बुंधे कुजायला आठ-दहा वर्षं लागतात, तोवर नांगर चालत नाही. जाळलेल्या लाकडाची राख गोळा करून पोटॅश नावाचा विकाऊ क्षार करायचा, बऱ्याच घरांना पहिला रोख पैसा गव्हाआधी राखेतून मिळाला. म्हणजे सगळ्या परिसरात मिळून दळण्याएवढं शिल्लक धान्य साठायलाच दशक गेलं.

तोपर्यंत लोक काय करायचे? सुरुवातीच्या वर्षांत दळण घेऊन डंडासला जायचं, पन्नासेक किलोमीटर, वाटेत बेव्हर्ली स्वॅम्प नावाची दलदल जिथे ओंडके आडवे टाकून रस्ता केलेला, जाऊन-येऊन कित्येक दिवस मोडायचे. नंतर प्रेस्टनला जॉन अर्बची गिरणी झाली तेव्हा ते अंतर पंधराएक किलोमीटरवर आलं. पण पंधरा किलोमीटर बैलगाडीने, तेही वसंतातल्या चिखलात, म्हणजे दिवस गेलाच, नंबर लागला नाही तर मुक्काम.

मधे ब्रिटन आणि अमेरिकेतलं १८१२ चं युद्ध होऊन गेलं त्याने आणखी उशीर झाला असणार. मेनोनाइट शस्त्र धरत नाहीत, १७९३ च्या मिलिशिया (नागरिकांच्या राखीव सैन्याच्या) कायद्याने त्यांना सूट होती पण फुकट नाही, शांततेच्या काळात वर्षाला २० शिलिंग आणि युद्धात ५ पौंड दंड भरायचा. वर सैन्याला गाड्या-घोडे आणि हाकणारी माणसं द्यावी लागली, १८१३ च्या थेम्सच्या लढाईत त्यातल्या बऱ्याच गाड्या गेल्या. ज्या शेतकऱ्याची गाडी आणि जोडी गेली त्याचा पुढचा हंगाम गेला असं समजा. आणि १८१६, ज्या वर्षी गिरणी उभी राहिली, ते ईशान्य अमेरिका आणि या भागात उन्हाळा न आलेलं वर्ष म्हणून ओळखलं जातं, आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटला होता त्याचा परिणाम. अशा वर्षात गिरणी उभी करणं हे मला त्या माणसाच्या चिकाटीचं लक्षण वाटतं.

आता ओढ्यावर गिरणी कशी चालते ते. दोनच गोष्टी लागतात, पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. हिशोब दाखवतो, हा नेमका या ओढ्याचा नाही पण एवढ्या ओढ्याला लागू पडेल असा आहे. सेकंदाला २५० लिटर पाणी साडेतीन मीटरवरून पडलं तर साडेआठ किलोवॅटच्या आसपास ताकद होते, लाकडी चाक आणि लाकडी दात्यांमधे जाते ती वजा केली तर ५ किलोवॅट हातात उरते, म्हणजे साधारण ७ हॉर्सपॉवर. एक जातं फिरवायला तेवढी पुरते. पण २५० लिटर रोज कुठून येणार? ऑगस्टमध्ये ओढा आटतो, जानेवारीत गोठतो. म्हणून तळं. बांध घालून रात्रभर पाणी अडवायचं आणि दिवसा सोडायचं, पार्कमधलं सिल्व्हर लेक हे मुळात असंच अडवलेलं पाणी आहे. शोभेचं तळं म्हणून फोटो काढतात लोक, काढावेतच, पण ती त्या गावाची बॅटरी होती.

तळ्यातून पाट काढून पाणी चाकावर, चाकाचा आस मिनिटाला आठ-दहा फेरे घेतो, दातेरी चाकांतून वेग वाढवत वाढवत वरचा दगड मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांवर. चार फूट व्यासाचे दगड असतात, वरचा दगड टनाच्या आसपास वजनाचा, खालचा हलत नाही. घरच्या जात्यासारखंच, फक्त दोन दगडांमधलं अंतर गिरणीवाला स्क्रूने कमी-जास्त करतो आणि मधल्या भोकातून धान्य एकसारखं पडावं म्हणून वरून एक हलणारी घसरण असते. अंतर जास्त झालं तर रवाळ येतं, कमी झालं तर पीठ तापतं आणि वास मारायला लागतं, म्हणून गिरणीवाला सारखा अंगठा आणि बोटात पीठ चोळून बघत असतो. दगडांवरच्या खाचा झिजल्या की वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि टाकी घेऊन बसायचं, जातं टाकवणं हे दिवसभराचं काम, हातात दगडाच्या कपच्या घुसतात. मी अशा जुन्या दगडांच्या खाचांमधून बोट फिरवलंय, कडेकडे जाताना खाच उथळ होत जाते आणि काठाला जवळजवळ सपाट, सगळं दळण शेवटच्या त्या चार बोटं रुंदीत बारीक होतं. पार्कात किंवा कुठल्या जुन्या अंगणात असा दगड आडवा ठेवलेला दिसला तर तुमच्या मुलीला हात लावून बघायला सांगा, वाचून कळत नाही ते.

मजुरी धान्यातच, आणि कितीही घ्यायची मुभा नव्हती. अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओत, १७९२ पासून कायदाच होता, दळून-चाळून देण्याचा गिरणीवाल्याचा वाटा जास्तीत जास्त बारावा हिस्सा. बारा पोत्यांत एक. हा कायदा अगदी पहिल्या विधिमंडळाने लगेच केला यावरून समजा की गिरणी ही किती नाजूक बाब होती. त्या बाराव्या हिश्श्यातून गिरणीवाल्याकडे धान्य साठायचं, ते विकून किंवा त्याची दारू गाळून पैसा व्हायचा. म्हणून जिथे जुनी गिरणी तिथे शेजारी डिस्टिलरी हे जवळपास ठरलेलं, वॉटरलूतसुद्धा तसंच झालं, त्यावर पुढे येतो.

गिरणी झाली की गाव आपोआप का होतं हेही सांगून टाकतो. दळणाला आलेला माणूस ताटकळतो, घोड्याचा नाल सुटलेला असतो म्हणून लोहार बसतो, रात्र पडली म्हणून खानावळ-सराई होते, बायकोने मीठ-सुया सांगितलेल्या असतात म्हणून दुकान होतं. सगळे रस्ते बंधाऱ्याकडे वळतात कारण बहुतेक वेळा बंधाऱ्याच्या आसपासच ओढा ओलांडता येतो. वॉटरलूमध्ये किंग आणि अर्ब स्ट्रीटचा चौक तो हाच, आज तिथे दुकानं आणि ट्राम आहे, ओढा बराचसा खालून पाइपातून जातो. अर्बने शाळेलाही हात दिला, १८२० ची ती ओंडक्यांची शाळा म्हणजे पार्कात आज उभी आहे ती. आणि किंग स्ट्रीट साउथवर अर्ब-कम्फ हाऊस आहे, त्याचा जुना भाग १८१२ च्या सुमाराचा, शहरातलं सगळ्यात जुनं घर.

एवढं सगळं असून गाव वाढलं का नाही? आता मुद्द्यावर.

अर्ब १८३० मध्ये गेला. त्याच्या आधीच, १८२९ ला, गिरणी आणि बरीच जमीन जेकब स्नायडरने घेतली. म्हणजे गिरणीसोबत चौकाभोवतीची जमीनही एका हातातून दुसऱ्या एकाच हातात गेली आणि तिचे प्लॉट काही पडले नाहीत. कारागीर येतो, त्याला पाव एकर जागा हवी असते, स्वतःच्या नावावर, कारण भाड्याच्या जागेवर कोण भट्टी बांधणार? ती जागा चौकात मिळत नाही. मग तो दोन-तीन किलोमीटर खाली जातो. काही जण यावरून स्नायडरला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. गिरणीवाल्याच्या बाजूने बघा, तळ्याची पातळी फूटभर वाढली की काठची जमीन बुडते, ती जमीन दुसऱ्याची असेल तर रोज भांडण, पाट दुसऱ्याच्या परसातून जात असेल तर तो कधीही अडवेल. शिवाय हे शेतकरी लोक, चार मुलगे असतील तर चौघांना शेत द्यायचं हाच त्यांचा विचार, प्लॉट पाडून शहर करायचं हे डोक्यातच नसायचं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच वागत होते. पण परिणाम व्हायचा तो झाला.

खाली, आजच्या किचनरमध्ये, परिस्थिती उलटी. तिथे पाणी फारसं नव्हतं, जोसेफ श्नायडरची छोटी सॉ मिल होती, त्याचं १८१६ चं घर आज म्युझियम आहे, आणि बिशप बेंजामिन एबीची चर्च आणि शेती. १८२० नंतर, विशेषतः ३० च्या दशकात, थेट जर्मन मुलखांतून लुथरन आणि कॅथलिक कारागीर यायला लागले, सुतार, चांभार, विणकर, टोप्या करणारे. त्यांना भाषा ओळखीची मिळाली आणि किंग स्ट्रीटच्या कडेने छोट्या जागा विकत मिळाल्या. १८३३ ला गावाचं नाव बर्लिन पडलं. मग १८५२ मध्ये काउंटीचं मुख्यालय कुठे करायचं हा प्रश्न आला. तेव्हा सगळ्यात मोठं गाव खरंतर दक्षिणेचं गॉल्ट होतं. पण बर्लिनमध्ये जोसेफ गॉकल नावाच्या हॉटेलवाल्याने कोर्टासाठी जागा देऊ केली आणि मुख्यालय बर्लिनला गेलं. कोर्ट आलं की वकील येतात, रजिस्ट्री येते, छापखाना येतो, वर्षातून चारदा सगळ्या काउंटीची माणसं कामाला येतात. १८५६ मध्ये ग्रँड ट्रंक रेल्वे आली तीही बर्लिनमधून. वॉटरलूला रेल्वेचा फाटा मिळायला त्यानंतर पंचवीसेक वर्षं लागली.

आणि याच काळात वाफेचं इंजिन स्वस्त झालं. ही सगळ्यात मोठी गोष्ट. जोवर ताकद पाण्यातून येते तोवर कारखाना पाण्याजवळच बसणार, म्हणजे गिरणीवाल्याच्या परवानगीने बसणार. वाफ आली की कारखाना रेल्वेजवळ बसतो. बर्लिनमधे फर्निचर, चामडं, बटणं यांचे कारखाने निघाले, त्यांना ओढ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पाणी नसणं हा बर्लिनचा तोटा होता तो एका पिढीत संपला.

वॉटरलूची गाठ सुटली तीसुद्धा बरोबर याच वेळी, आणि माझ्या मते हाच सगळ्यात ठोस पुरावा आहे. १८५० च्या दशकाच्या मध्यात जॉन हॉफमन आणि आयझॅक वीव्हर यांनी स्नायडरांकडची सुमारे ३०० एकर जमीन घेतली, मोजणी करून घेतली आणि प्लॉट पाडून विकायला काढले. लगेच १८५७ मध्ये वॉटरलू कायद्याने व्हिलेज झालं, मोझेस स्प्रिंगर पहिला रीव्ह, म्हणजे गावाचा प्रमुख. ५० वर्षं जे घडलं नाही ते प्लॉट पडल्यावर दोन-तीन वर्षांत घडलं. त्याच सुमारास विल्यम हेस्पेलर आणि जॉर्ज रँडल यांची ग्रॅनाइट मिल्स आणि शेजारची डिस्टिलरी उभी राहिली, १८६४ मध्ये तिथे नोकरीला लागलेला जोसेफ सीग्रॅम १८८३ ला एकटा मालक झाला आणि पुढे ती व्हिस्की जगभर गेली. ब्रिकरांच्या फाउंड्रीतून वॉटरलू मॅन्युफॅक्चरिंग कंपनी झाली, मळणीची यंत्रं करणारी. म्हणजे बघा, पीठ, धान्याची दारू, मळणीयंत्र, गाव गव्हाभोवतीच फिरत होतं.

इन्शुरन्सचं वेगळं सांगायला हवं. १८६३ ला आगीच्या विम्याची म्युच्युअल कंपनी (म्हणजे विमा घेणारेच जिचे मालक), १८७० ला ऑन्टारिओ म्युच्युअल लाइफ, १८८९ ला डोमिनियन लाइफ. एवढ्याशा गावात विमा कंपन्या का याचं कारण तिथल्या शेतकऱ्यांत आहे. कुणाचं कोठार जळलं की सगळ्यांनी मिळून उभारून द्यायचं ही मेनोनाइटांची सवय जुनी, हातात पैसा होता आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास होता. म्युच्युअल कंपनीला एवढंच भांडवल लागतं. विम्याच्या धंद्याला पाणी लागत नाही, रेल्वेची मालगाडी लागत नाही, आणि वॉटरलूकडे त्या दोन्ही गोष्टी कमीच होत्या. म्हणून मला वाटतं की गावाने आपल्याला जमेल तो रस्ता बरोबर शोधला.

तरी चाल हळूच राहिली. १८७६ ला टाउन, आणि सिटी थेट १९४८ ला. १९५१ च्या जनगणनेत वॉटरलूची वस्ती सुमारे १२ हजार, तेव्हा किचनर ४५ हजारांच्या आसपास. बर्लिनचं नाव पहिल्या महायुद्धात, १९१६ ला, किचनर झालं हे तुम्हाला माहीत असेलच. १९५७ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉटरलू निघाली आणि मग चित्र बदललं, २०२१ ला वॉटरलू सव्वा लाखाच्या जवळ आहे. आज तिथे पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुलं शिकतायत, सॉफ्टवेअरमधे काम करतायत, त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या आवारातूनही तोच लॉरेल क्रीक वाहतो, पण बहुतेकांना तो ओढा म्हणजे बदकांची जागा एवढंच माहीत असतं, म्हणून तुमच्या मुलीने प्रश्न विचारला याचा मला खरंच आनंद झाला.

स्नायडर घराण्याचं एक सांगायचं राहिलं, कारण त्यांना फक्त जमीन अडवणारे म्हणून सोडलं तर अन्याय होईल. जेकबचा नातू ई. डब्ल्यू. बी. स्नायडर, १८४२ ला वॉटरलूतच जन्मलेला, त्याने १८७१ मध्ये उत्तरेला आठेक किलोमीटरवर सेंट जेकब्सची गिरणी घेतली आणि १८७५ ला तिथे दगडांऐवजी रोलर, म्हणजे फिरते रूळ, बसवले, कॅनडात हे पहिल्यांदा. रोलरने पीठ पांढरं आणि एकसारखं येतं आणि दगड टाकवायची कटकट संपते, पुढे दगडाच्या छोट्या गिरण्या मागे पडल्या त्या रोलरमुळेच. हाच माणूस नंतर डी. बी. डेटवाइलर आणि अॅडम बेक यांच्यासोबत नायगराची वीज सरकारी मालकीने छोट्या गावांना स्वस्तात मिळावी म्हणून झगडला, १९०३ मध्ये बर्लिनला त्यासाठी मोठी बैठक झाली आणि ११ ऑक्टोबर १९१० ला बर्लिनमधेच नायगराच्या विजेचे दिवे लागले. आजोबांनी एका ओढ्याचं पाणी आपल्या हातात ठेवलं, नातवाने नायगराचं पाणी सगळ्यांना मिळावं म्हणून आयुष्याची बरीच वर्षं दिली. मला हा माणूस फार आवडतो आणि त्याच्याबद्दल इथेसुद्धा फार कमी बोललं जातं याचं वाईट वाटतं.

अर्बची मूळ गिरणी १९२७ पर्यंत चालली, १११ वर्षं, मग पाडली. पार्कात आहे तो नंतर उभारलेला नमुना आहे.

शेवटी तुमच्या मुलीसाठी, तिला जुनी गावं बघायची आवड दिसते म्हणून. या भागात कुठल्याही जुन्या कोठारात किंवा घराच्या तळघरात शिरायची संधी मिळाली तर टॉर्च तिरका धरून वरच्या तुळया आणि फळ्या बघ म्हणावं. सरळ, समांतर, जराशा असमान रेघा असतील तर ती खाली-वर चालणाऱ्या पात्याची, म्हणजे अर्बच्या पद्धतीच्या पाण्यावरच्या सॉ मिलची फळी. कमानीसारख्या गोल रेघा असतील तर गोल करवत, म्हणजे बहुतेक नंतरची. आणि खवल्यांसारखे चपटे घाव असतील तर सॉ मिल जवळ नव्हती किंवा तिथवर ओंडका नेणं परवडलं नाही, माणसाने कुऱ्हाडीनेच तासलंय. एकाच घरात तिन्ही सापडतात बऱ्याचदा, मूळ खोली कुऱ्हाडीची, मागची पडवी सरळ रेघांची, माळा गोल रेघांचा. श्नायडर हाऊस आधी बघून घे म्हणावं, तिथली माणसं विचारलं की आवडीने दाखवतात, आणि मग अब्राहम वेबरने १८०७ ला पेनसिल्व्हेनियाहून हाकत आणलेली कोनेस्टोगा गाडी (घोड्यांनी ओढायची मोठी झाकलेली मालगाडी) किचनरच्या रीजन ऑफ वॉटरलू म्युझियममध्ये ठेवलीय ती बघ, जवळपास ८०० किलोमीटर चाललेली आहे ती, चाकांची उंची बघितली की ओंडक्यांच्या रस्त्यावर काय हाल व्हायचे त्याचा अंदाज येतो. आणखी काही विचारायचं असेल तर तिने फोटो काढून जरूर विचारावं, विशेषतः तुळयांचे, त्यावर मी तासन् तास बोलू शकतो.